लेकराचा खुराक आणि घराचा हिशेब

खेळाविषयी बोलावयास कोल्हापुरात कोणी उभा राहिला की श्रोत्यांची अपेक्षा ठरलेली असते. खासबागेतील गाजलेल्या कुस्त्या, हिंदकेसरींची नावे, शाहू छत्रपतींचे मल्लप्रेम आणि अलीकडच्या काळातील नेमबाजांची पदके. हा सारा इतिहास या नगरीला मुखोद्गत आहे, आणि त्याचा अभिमान बाळगावा तेवढा थोडाच आहे. परंतु आज आम्ही ज्या माणसांविषयी बोलणार आहोत ती या इतिहासात सहसा येत नाहीत. मल्ल खांद्यावर गदा घेऊन मिरवणुकीत निघतो तेव्हा ती गर्दीच्या कडेला उभी असतात. त्या मल्लाच्या दुधाचे पैसे ज्याने भरले तो बाप आणि त्याचा डबा जिने भरला ती आई, ही ती माणसे होत.

प्रश्न तसा साधा आहे. मुलाच्या किंवा मुलीच्या खेळापायी आईबाप काय काय खर्ची घालतात? त्याच्या बदल्यात त्यांच्या पदरी काय पडते? आणि हा जमाखर्च कसा मांडावा, म्हणजे घरही टिकेल आणि लेकरूही टिकेल? हा प्रश्न मायेचा आहे तसाच व्यवहाराचाही आहे. म्हणून दोन्ही अंगांनी त्याचा विचार करू.

प्रथम हे पाहिले पाहिजे, की पूर्वी हा भार कोण उचलीत असे. शाहू छत्रपती १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेस गेले. त्या प्रवासात त्यांनी रोम येथील प्राचीन रंगमंडल पाहिले आणि त्याच धर्तीवर आपल्या राजधानीत कुस्तीचे मैदान असावे असे त्यांच्या मनाने घेतले. १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. मध्यभागी हौदा आणि सभोवार चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना असल्यामुळे शेवटच्या रांगेतील माणसालाही कुस्ती स्वच्छ दिसते. परंतु मैदानाहूनही मोठी गोष्ट म्हणजे मल्लाच्या पोटाची व्यवस्था. नामांकित मल्लांचा खुराक दरबारातून चाले. पेठेने तालीम राखावी, वस्तादाने शिकवावे, दरबाराने गुणी पोराच्या दूधतुपाची सोय पाहावी आणि बापाने मूल आणून वस्तादाच्या स्वाधीन करावे, अशी जणू कामाची वाटणी झालेली होती. बापाचा त्याग त्या काळीही होताच. पोटचा पोर शेतातून काढून तालमीत घालावयाचा म्हणजे औताला दोन हात कमी पडणार. पण तो भार एकट्या बापाच्या शिरावर नव्हता.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि कुस्तीचा राजाश्रय संपला. पुढे सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन देऊन त्यातला काही भार उचलला. शासनाने क्रीडा प्रबोधिनीसारख्या योजना काढून निवडक मुलांची राहण्याजेवण्याची आणि शिक्षणाची सोय केली. या दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. तथापि मानधन मिळते ते मल्लाचे नाव थोडेफार झाल्यावर, आणि प्रबोधिनीत जागा मिळते ती मोजक्यांना. नाव होण्यापूर्वीची जी पाच-सात वर्षे, ती घरानेच काढावयाची असतात. पूर्वी दरबार, पेठ आणि घर अशा तिघांत वाटला गेलेला भार आज बहुतांशी घराच्या खांद्यावर आला आहे. आजच्या आईबापांची अडचण समजून घ्यावयाची तर ही गोष्ट आधी ध्यानी धरली पाहिजे.

त्याग म्हटला की कोल्हापूरकरांच्या तोंडी एक कथा लगेच येते, ती खाशाबा जाधवांची. ती येथे सांगितलीच पाहिजे, कारण तिच्यातून आपण नेहमी जो बोध घेतो तो अर्धाच आहे.

खाशाबांचा जन्म १९२६ साली कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील स्वतः मल्ल. कुस्तीचे पहिले धडे घरच्या मातीतच मिळाले. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले आणि गादीवरच्या कुस्तीची फारशी सवय नसतानाही सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकची वेळ आली तेव्हा संस्थान राहिले नव्हते, आणि जाण्याच्या खर्चाची विवंचना उभी राहिली. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि पुढे खाशाबांनी कुस्त्या करून आलेल्या पैशांतून प्राचार्यांचे ऋण फेडले.

या कथेवरून पुष्कळांना वाटते की, मुलाच्या खेळासाठी घर गहाण टाकणे हीच खरी माया. आम्हांस वाटते की कथेतील दोन बारकावे नजरेआड होतात. पहिला असा की, प्राचार्यांनी घर गहाण ठेवले तेव्हा खाशाबा सव्वीस वर्षांचे होते आणि ऑलिंपिकमध्ये सहावे येऊन त्यांनी आपली योग्यता आधीच सिद्ध केलेली होती. जाण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा, आणि ऋण फेडण्याची उमेद व ताकद त्यांच्या अंगी होती. बारा वर्षांच्या, अजून मिसरूडही न फुटलेल्या पोराच्या भरवशावर घर गहाण टाकणे ही निराळी गोष्ट आहे. दुसरा बारकावा असा की, त्या प्रसंगी ओझे वाटले गेले होते. गावाने वर्गणी दिली, महाविद्यालयाने पाठबळ दिले, गुरुजनांनी आपली पत पणाला लावली. एकट्या बापावर सगळा भार पडला नाही. खाशाबांच्या कथेतून घ्यावयाचा बोध कर्ज काढण्याचा नाही, भार वाटून घेण्याचा आहे.

आणखीही एक गोष्ट विसरता कामा नये. ज्याला आपण आज थोर म्हणतो त्या या मल्लास त्याच्या हयातीत अर्जुन पुरस्कारही लाभला नाही. ते पोलीस खात्यात नोकरी करून निवृत्त झाले, १९८४ साली अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर. पदकाच्या मागून मानसन्मान आणि संपत्ती धावत येते अशा समजुतीवर जे आईबाप घराचा हिशेब बसवितात, त्यांनी ही तारीखवार हकीकत एकदा डोळ्यांखालून घालावी.

आता आजच्या घराकडे वळू. तालमीत घातलेल्या उमद्या मुलाचा खुराक म्हणजे काय? रोजचे दोन लिटर म्हशीचे दूध, शंभर ग्रॅम बदामांची थंडाई, तूप, फळे, आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा मटण. हा काही हिंदकेसरीचा खुराक नव्हे. होतकरू पोराचा आहे. आजच्या बाजारभावाने श्रोत्यांनीच हिशेब मांडून पाहावा. दुधाचे सव्वाशे-दीडशे रुपये, बदामांचे ऐंशी-नव्वद, तूपफळांचे साठ-सत्तर, मटणाचा सरासरीने रोजचा वाटा सत्तर-ऐंशी. दिवसाला साडेतीनशे रुपयांच्या पुढे आणि महिन्याला दहा-अकरा हजारांच्या घरात ही रक्कम जाते. यात तालमीची खोली, लंगोट, गादीवरचे बूट, स्पर्धांचा प्रवास आणि दुखापतीचा दवाखाना धरलेला नाही. दोन-तीन एकर ऊस असलेला शेतकरी, यंत्रमागावरचा कामगार किंवा उद्यमनगरातील कारागीर यांच्या प्राप्तीशी ही रक्कम ताडून पाहिली म्हणजे ओझ्याचे वजन कळते.

परंतु वहीत लिहिला जातो तो खर्च अर्धाच असतो. आपल्या जिल्ह्यात गावोगाव दूधसंस्था आहेत, आणि दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या बिलावर कित्येक घरांची चूल चालते. घरी दोन म्हशी असल्या तर खुराकाचे दूध विकत घ्यावे लागत नाही, म्हणून बाप म्हणतो, ‘दुधाला काय, घरचेच आहे.’ पण ते दोन लिटर संस्थेत गेले असते तर त्याचे बिल आले असते. ते बिल घरातील बाईच्या हातात पडावयाचे, तिच्या किराण्यात जावयाचे, धाकट्या मुलीच्या वह्यांत जावयाचे. मल्लाच्या पेल्यात पडलेले दूध कोणाच्या तरी वाटणीचे असते, आणि ज्याच्या वाटणीचे असते तो सहसा बोलत नाही. आम्ही याला मुका खर्च म्हणतो.

आईचा वाटाही असाच मुका. पहाटे मुलगा मेहनतीला जाणार म्हणून ती त्याच्या आधी उठते. गावाकडची आई शहरातील तालमीत असलेल्या मुलासाठी भाकरी-कालवणाचा डबा बांधून सकाळच्या एस.टी.वर देते. त्या डब्याची किंमत कोणत्याही वहीत लागत नाही. आणि धाकट्या भावंडांचा वाटा तर आणखी खोल असतो. घरातील सगळे बोलणे, सगळी काळजी आणि सगळी आशा एका मुलाभोवती फिरू लागली की बाकीची मुले आपोआप दुय्यम होतात. थोरल्याच्या कुस्तीपायी धाकटीचे महाविद्यालय राहिले, असे घर शोधावयास फार लांब जावे लागणार नाही. त्याग करावयाचा तर तो स्वतःच्या वाटणीचा करावा. दुसऱ्या लेकराच्या वाटणीचा त्याग करण्याचा अधिकार आईबापांस आहे काय, हे त्यांनी स्वतःस विचारावे.

कुस्ती हा एकच खेळ आम्ही सांगत आहो असे कोणास वाटू नये. या जिल्ह्याने गेल्या वीस वर्षांत इतर खेळांतही मोठे नाव कमावले आहे, आणि तेथेही मागे घर उभे आहे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन रायफल प्रकारात जगज्जेती झाली. असे यश मिळविणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. त्या यशाच्या काही महिने आधीच तिचे वडील निवर्तले होते. ज्याने झाड लावले त्याला फळ पाहावयास मिळेलच असे नाही, हे या एका घटनेवरून कळावे. राही सरनोबतने २०१८ सालच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळविले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक पटकाविले. खाशाबांनंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्यास आलेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच्या शिक्षक वडिलांनी काडतुसांसाठी कर्ज काढल्याची हकीकत त्या वेळी वर्तमानपत्रांतून आपण सर्वांनी वाचली. नेमबाजीत प्रत्येक सराव म्हणजे पैशाचा धूर. बार उडाला की रुपये उडाले. पोहण्याचे निराळे. वीरधवल खाडे १७ वर्षे पुरी होण्यापूर्वी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला गेला आणि २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळविले. पण त्यासाठी त्याला लहान वयात कोल्हापूर सोडून बंगळूरला सरावास राहावे लागले. आणि २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून फुटबॉल खेळलेला अनिकेत जाधव हा येथल्याच एका रिक्षाचालकाचा मुलगा.

ही नावे ऐकून छाती फुगते, आणि फुगावीही. परंतु ही नावे आपल्याला माहीत झाली ती पदकामुळे. ज्यांना पदक मिळाले नाही त्यांच्या आईबापांनीही तेवढेच दूध पाजले, तेवढेच डबे बांधले, तेवढेच कर्ज काढले. त्यांची नावे व्याख्यानात येत नाहीत. एका गदेसाठी शेकडो पोरे मातीत उतरतात, आणि गदा एकच असते. तेव्हा त्यागाचे फळ म्हणजे पदक, असे समीकरण मांडले की शंभरांतील नव्याण्णव घरांचा त्याग वाया गेला असेच उत्तर येणार. हे उत्तर खरे नाही असे आमचे मत आहे. पण ते खोटे ठरावे यासाठी आईबापांनी हिशेब निराळ्या रीतीने मांडला पाहिजे.

देणे दोन प्रकारचे असते. एक दिलेले आणि एक उसने दिलेले. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. तोच पेला, तेच दूध. फरक कळतो तो मूल हरून घरी येते त्या रात्री. जत्रेच्या फडात साऱ्या गावासमोर पोरगा चितपट झालेला असतो. ताटावर बसल्यावर बाप म्हणतो, ‘तुझ्यापायी आम्ही काय म्हणून करायचे ठेवले नाही.’ या एका वाक्याने आजवर पाजलेल्या दुधाचे कर्ज होते. मुलाला त्या दिवसापासून कळते की आपण खेळत नाही, आपण फेडत आहोत.

मग काय होते ते आम्ही थोडे विस्ताराने सांगतो, कारण यातच खरा धोका आहे. फेडणारे मूल दुखापत लपविते. गुडघ्यातील शीर दुखावली तर महिनाभर विसावा घ्यावा लागेल, महिनाभर विसावा म्हणजे महिन्याचा खुराक फुकट, म्हणून ते फडके बांधून पुन्हा हौद्यात उतरते, आणि जे महिन्यात बरे झाले असते ते जन्माचे होऊन बसते. फेडणारे मूल वजन उतरविण्यासाठी पाणी तोडते. वजनगटाच्या स्पर्धांत हा प्रकार जगभर चालतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगटला अंतिम लढतीच्या सकाळी सुमारे १०० ग्रॅम वजन अधिक भरले म्हणून अपात्र ठरावे लागले, हे सर्वांस ठाऊक आहे. प्रौढ, अनुभवी आणि वैद्यकीय देखरेखीखालील मल्लाची ही गत, तर वाढत्या वयातील पोराने तहान मारून वजन उतरविणे किती घातक ठरेल याची कल्पना करावी. आणि फेडणारे मूल झटपट ताकदीच्या मागे लागते. कोणीतरी एक भुकटी देतो, कोणीतरी एक सुई सुचवितो. उत्तेजक द्रव्यांचा नियम असा कडक आहे की, बंदी असलेले द्रव्य अंगात सापडले तर ते तेथे कसे आले याची जबाबदारी खेळाडूवरच येते. ‘दुकानदाराने दिले’ ही सबब त्याला निर्दोष ठरवीत नाही. म्हणून मुलाच्या पेल्यात काय पडते हे आईबापांस अक्षरशः माहीत असले पाहिजे.

मेहनतीविषयीही एक शब्द बोलणे प्राप्त आहे. आपल्या तालमींची परंपरा पहाटेच्या जोर-बैठकांची आणि संध्याकाळच्या लढतींची. तिने मोठमोठे मल्ल घडविले हे खरे. परंतु आज क्रीडावैद्यकात लहान मुलांच्या बाबतीत एक साधा दंडक सांगतात: आठवड्यात शिस्तीच्या सरावाचे जेवढे तास होतात ते मुलाच्या वयाच्या वर्षांहून अधिक नसावेत, आणि आठवड्यात एखाद-दुसरा दिवस तरी पूर्ण विसाव्याचा असावा. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाला आठवड्यात दहा तास. शिवाय लहानपणी एकाच खेळाला जुंपण्याऐवजी चार खेळ खेळू द्यावेत, त्याने हाडे आणि मन दोन्ही निकोप राहतात, असाही सल्ला देतात. आपल्या शहरात तर ही सोय आयतीच आहे. येथील तालमींनी मातीबरोबर फुटबॉलही जोपासला आहे. पेठेपेठेची पोरे आणि पेठेपेठेचे संघ. तेव्हा दहा वर्षांच्या पोराने सकाळी मातीत लोळावे आणि संध्याकाळी चेंडूमागे धावावे, यात वाया काहीच जात नाही.

येथवर आम्ही खर्चाची बाजू सांगितली. आता जमेची पाहू. ती लहान नाही.

पहिली जमा म्हणजे मुलाचे शरीर आणि त्याची दिनचर्या. पहाटे उठणारे, वेळेवर जेवणारे, वस्तादाचा शब्द मानणारे आणि व्यसनाला चार हात दूर ठेवणारे पोर घरात असणे याची किंमत ज्यांच्या घरी तसे नाही त्यांना विचारावी. दुसरी जमा नोकरीची. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत. पोलीस, सैन्य आणि रेल्वे यांत खेळाडूंची भरती होते. स्वप्निल कुसाळे पदकाच्या नऊ वर्षे आधीच, २०१५ साली, मध्य रेल्वेत लागला होता. मात्र या सवलतींसाठी कोणत्या स्पर्धेचे, कोणत्या पातळीचे प्रमाणपत्र चालते याचे नियम असतात. ते आधी नीट वाचून घ्यावेत. जत्रेत जिंकलेल्या कुस्त्यांचे पटके पेटी भरून असले तरी नोकरीच्या अर्जास ते जोडता येत नाहीत.

तिसरी जमा आम्ही सर्वांत मोठी मानतो, आणि ती हरण्यातून येते. दुसऱ्या कोणत्या शिक्षणात मुलाला हजारो लोकांसमोर पाठीवर पडावे लागते, उठून जिंकणाऱ्याचा हात हाती घ्यावा लागतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा त्याच मातीत उतरावे लागते? परीक्षेतील अपयश गुणपत्रिकेत झाकून ठेवता येते. फडातील अपयश झाकता येत नाही. ते सोसावयास शिकलेला मुलगा पुढे दुकान बुडाले तरी, पीक गेले तरी, पुन्हा उभा राहतो. जो पुढे हिंदकेसरी झाला नाही तो तालमीतील मुलगा कोठे जातो? कोणी फौजदार होतो, कोणी सैन्यात जातो, कोणी शाळेत क्रीडाशिक्षक होतो, कोणी दुधाचा धंदा करतो, कोणी आपल्याच गावी हौदा खणून दहा पोरे तयार करतो. ही माणसे गावात उठून दिसतात. त्यांच्या आईबापांचे दूध वाया गेले असे कोण म्हणेल?

वस्तादांचीच गोष्ट पाहा. १९५९ साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचे. १९६० चे हिंदकेसरी गणपत आंदळकर सांगली जिल्ह्यातील पुनवतचे. दोघेही गाव सोडून कोल्हापुरात आले, येथल्या मातीत वाढले. आंदळकरांनी पुढे मोतीबाग तालमीत कित्येक वर्षे वस्तादकी केली. एका घराने एक मुलगा या शहरास दिला आणि त्याने शेकडो मुले घडविली, असा हा व्याजाचा हिशेब आहे. हे व्याज सावकाराच्या वहीत बसत नाही.

आणि चौथी जमा खुद्द आईबापांची. मुलगी सरावाला जाते म्हणून बाप तिला रोज पहाटे दुचाकीवरून सोडतो. वाटेत दोघांचे चार शब्द होतात. एरवी आपल्या घरांतून बाप आणि वयात येणारी लेक यांचे बोलणे किती होते? ‘मुलीला बंदूक कशाला, कुस्ती कशाला’ असे शेजारीपाजारी विचारीत असताना तिच्या पाठीशी उभा राहणारा बाप स्वतःही बदलत असतो. २००४ साली ऑलिंपिकमध्ये महिलांची कुस्ती आली, आणि आज आपल्या जिल्ह्यातील मुलीही आखाड्यात उतरतात. हा बदल कोणत्याही ठरावाने झाला नाही. एकेका बापाने आणि एकेका आईने शेजाऱ्याचा टोमणा सोसला तेव्हा झाला.

मग व्यवहारात काय करावे? आम्ही चार-पाच साध्या गोष्टी सुचवितो. वर्षाच्या आरंभी घरातील सर्वांनी बसून या वर्षी खेळासाठी किती खर्च झेपेल तो आकडा ठरवावा, आणि त्या बैठकीत आई व भावंडे यांनाही बोलू द्यावे. राहते घर, शेत आणि दुसऱ्या मुलाचे शिक्षण या तिन्हींना त्या आकड्याबाहेर ठेवावे. शाळा सोडू देऊ नये. गुडघा एका क्षणात जाऊ शकतो, शिकलेले जात नाही. शिकविण्याचे काम वस्तादाकडे सोपवावे. हौद्याच्या काठावरून बापाने ओरडून डाव सांगू लागला की पोराला दोन वस्ताद होतात आणि त्याचा एकही डाव धड होत नाही. आणि वर्षातून एकदा मुलालाच विचारावे, ‘तुला अजून खेळायचे आहे का?’ उत्तर ‘नाही’ आले तर ते ऐकून घेण्याची तयारी ठेवूनच विचारावे. ज्या घरात नाही म्हणता येते, त्या घरातील मुलाचे ‘हो’ खरे असते.

या गोष्टी घराने करावयाच्या. पण घराइतकेच कर्तव्य नगरीचेही आहे. आपण खासबागेत तिकीट काढून बसतो, शिट्ट्या मारतो, पोरगा जिंकला की ‘आमचा कोल्हापूरचा’ म्हणून मिरवितो. जो जिंकल्यावर साऱ्यांचा होतो तो हरेपर्यंत आणि जिंकेपर्यंत एकट्या बापाचा का असावा? पेठेतील मंडळे उत्सवांवर जेवढे खर्च करतात त्यातील थोडा भाग त्यांनी आपल्याच तालमीतील दोन गरीब पोरांच्या दुधासाठी काढला, एखाद्या डॉक्टरने आठवड्यातून एक तास तालमीत जाऊन पोरांचे गुडघे-खांदे तपासले, एखाद्या शिक्षकाने संध्याकाळी मल्लांचा अभ्यास घेतला, तर त्याला दरबाराची गरज नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला रिचविणाऱ्या प्रत्येक कोल्हापूरकराने मनात आणले तर आणखी एका पेल्याचे पैसे देणे त्याला जड नाही. खाशाबांच्या वेळी गोळेश्वरकरांनी हेच केले होते.

आईबापांनी मुलांसाठी झिजावे की नाही हा प्रश्नच नाही. ते झिजणारच, तो त्यांचा धर्म आहे. प्रश्न एवढाच की, त्या झिजण्याची पावती मुलाच्या हाती द्यावयाची की नाही. जे दिले ते दिले असे म्हणून जो बाप वही मिटवितो, त्याचा मुलगा हलका होऊन मातीत उतरतो. आणि कुस्तीत काय किंवा कोणत्याही खेळात काय, पाठीवर ओझे नसलेलाच गडी चपळ असतो, हे कोल्हापूरकरांस आम्ही सांगावयास नको.